पदपथावरील संसार आणि नगराचा न्याय

नगरातील पदपथ कोणासाठी असतो, असा प्रश्न विचारला तर शाळेतील मुलगाही सांगेल, की तो चालणाऱ्यांसाठी असतो. हे उत्तर बरोबरच आहे. वाहनांच्या वाटेतून बाजूला होऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांनी व लेकुरवाळ्यांनी निर्धास्तपणे चालावे, यासाठीच नगरपालिका करदात्यांच्या पैशातून पदपथ बांधते. पण त्याच पदपथावर कोणी चार बांबू रोवून संसार मांडला असेल, त्याची चूल तेथे पेटत असेल आणि त्याची मुले तेथेच लहानाची मोठी झाली असतील, तर काय करावे? येथे मुलाचे उत्तर पुरे पडत नाही, आणि मोठ्यांचेही पडत नाही. मुंबई शहरात या प्रश्नावर १९८१ ते १९८५ अशी चार वर्षे जो वाद झाला, तो आपल्या देशाच्या नागरी इतिहासातील एक महत्त्वाचा वाद होय. त्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयात झाला. म्हणून तो केवळ मुंबईचा राहिला नाही. इंदूर असो वा बडोदे, हैदराबाद असो वा बेळगाव, झोपडी हलविण्यासाठी नगरपालिकेची माणसे येऊन उभी राहिली, की त्याच निवाड्याचे स्मरण करावे लागते.

हा वाद समजून घ्यावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. गरिबाच्या निवाऱ्याचा प्रश्न मुंबईपुढे तोपर्यंत अनेकदा आलेला होता. १८९६ साली मांडवी भागात प्लेगने तोंड काढले आणि शहरातील कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, शहरात वारा खेळू लागला. परंतु पाडलेल्या खोल्यांतील माणसे वाऱ्यावर जगणारी नव्हती. त्यांतील पुष्कळ शेजारच्या, आधीच तुडुंब भरलेल्या चाळींत जाऊन दाटली. म्हणजे दाटी एका गल्लीतून उठून दुसऱ्या गल्लीत गेली.

पुढे १९२० च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. याच त्या प्रसिद्ध बी. डी. डी. चाळी. सरकारने गरिबांसाठी घरे बांधावीत, ही मागणी अशा रीतीने पुरी झाली खरी; परंतु पहिली काही वर्षे, विशेषतः वरळीतील, कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. शहरात माणसांना राहावयास जागा नाही आणि सरकारी खोल्यांना माणूस नाही, असे विचित्र दृश्य दिसू लागले. भाडे परवडेना, सोयी अपुऱ्या आणि वस्ती आडबाजूला. कामगार आपल्या ओळखीच्या मोहल्ल्यातच दाटीवाटीने राहिला. गरिबाला छप्पर हवे असते हे खरेच, पण ते त्याच्या भाकरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर हवे असते. मुंबईने हा धडा त्या वेळी पाहिला, परंतु गिरवला नाही.

स्वातंत्र्यानंतर शहर झपाट्याने वाढले. गिरण्या, गोदी, कारखाने, इमारतींची बांधकामे, रस्ते, घरोघरची धुणीभांडी, या सगळ्यांना हात हवे होते. हात आले, हातांबरोबर माणसे आली, आणि माणसांसाठी घरे मात्र आली नाहीत. ज्याला चाळीत खोली मिळाली नाही तो झोपडीत गेला, आणि ज्याला झोपडीलाही जागा मिळाली नाही त्याने पदपथावर पाठ टेकली. १९७६ साली सरकारने झोपड्यांची गणना केली, त्यांना क्रमांक दिले आणि रहिवाशांना ओळखपत्रे दिली. ज्याची नोंद झाली त्याला एक कागद मिळाला. ज्याची झाली नाही तो त्याच शहरात राहूनही सरकारच्या लेखी कोठेच नव्हता.

ही माणसे कोण होती, याचे उत्तर पुढे न्यायालयात दाखल झालेल्या अर्जांतच सापडते. त्यांपैकी एक अर्जदार तामिळनाडूतील सेलमचा भूमिहीन शेतमजूर होता. अवर्षणाने काम गेले, म्हणून १९६१ साली तो मुंबईस आला. दहिसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्याला रोजंदारीवर काम मिळाले. मजुरी दिवसाला २३ रुपये. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या पदपथावर प्लास्टिक आणि किंतान यांचा आडोसा मिळावा, म्हणून वस्तीतल्या एका दादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. त्या आडोशात तो, त्याची पत्नी आणि तीन मुली राहत.

दुसरा अर्जदार आपल्याच मुलखातला, नगर जिल्ह्यातील संगमनेरचा चर्मकार. गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत, पण राहते घर कोसळले. १९६९ साली तो मुंबईत आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळविण्यासाठी त्याने तेथील गुंडाला ३०० रुपये दिले; बांबू आणि प्लास्टिकला ७०० रुपये लागले. हे आकडे नीट पाहिले पाहिजेत. पदपथावरचा माणूस फुकट राहतो, असे आपण सहज म्हणतो. वास्तविक तो आपल्या तीन-चार महिन्यांच्या मिळकतीइतकी रक्कम मोजून तेथे राहतो. फक्त ती रक्कम नगरपालिकेच्या तिजोरीत न जाता गुंडाच्या खिशात जाते.

महामार्गाजवळच कामराजनगर नावाची सुमारे ५०० झोपड्यांची एक वस्ती होती. ती १९६०-६१ च्या सुमारास वसली, आणि वसविली ती त्याच महामार्गालगत पाण्याचे नळ टाकणाऱ्या बांधकाम कंपनीच्या मजुरांनी. ज्यांनी रस्त्यालगत पाण्याचे नळ टाकले तेच पुढे रस्त्याला अडथळा ठरले.

१३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी घोषणा केली, की मुंबईतील पदपथवासीयांना हलविण्यात येईल आणि त्यांना त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठविले जाईल. या घोषणेत कठोरपणाबरोबर कणवेचीही भाषा होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. असले जिणे माणसाला शोभणारे नाही, हे आडोसे तकलादू आहेत, पावसाळ्यात त्यांत कोणी सुखाने राहू शकत नाही, असे सांगितले गेले. त्यांतले एकही वाक्य खोटे नव्हते. प्रश्न एवढाच होता, की ऐन पावसाळ्यात तो आडोसाही काढून घेतल्याने ते जिणे माणसाला शोभणारे कसे होणार?

या आज्ञेच्या पाठीशी कायदा होता. १८८८ सालच्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे ३१४ वे कलम पालिका आयुक्तांना असा अधिकार देते, की रस्त्यावर किंवा पदपथावर झालेले अतिक्रमण त्यांनी पूर्वसूचना न देताही काढून टाकावे. एकोणिसाव्या शतकात हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुकानाबाहेर मांडलेली फळी किंवा रस्त्यात उभी केलेली टपरी असावी. शंभर वर्षांनी त्याच कलमाच्या कक्षेत माणसांचे संसार आले.

घोषणेनंतर काही दिवसांतच उच्च न्यायालयात अर्ज दाखल झाले. पाडापाडी काही काळ थांबविण्यात आली आणि १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडल्या जाणार नाहीत, असे ठरले. तरीही २३ जुलै रोजी सेलमच्या त्या मजुराची झोपडी पाडली गेली आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या बसगाडीत बसविण्यात आले. पत्नी आणि मुली तिकडे राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईस आला आणि पुन्हा पदपथावरच्याच एका आडोशात शिरला. साऱ्या वादाचे सार या एका फेरीत आले आहे. ज्या गावात काम नाही म्हणून माणूस बाहेर पडला, त्याच गावी त्याला पोहोचवून दिल्याने तेथे काम निर्माण होत नाही. त्या फेरीने साधले काय? कुटुंब मात्र दुभंगले.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत पदपथवासी व झोपडीवासी होते, तसेच पत्रकार ओल्गा टेलिस होत्या. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणारी संघटनाही होती. ओल्गा टेलिस यांच्या नावानेच हा खटला ओळखला जातो.

दोन्ही पक्षांचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे. पालिकेचे म्हणणे असे, की पदपथ ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती चालणाऱ्यांसाठी राखणे हे आमचे कर्तव्य आहे. तेथे वस्ती झाली की पादचारी रस्त्यावर उतरतो आणि जीव धोक्यात घालतो. घाण साचते, रोगराई होते. सार्वजनिक जागेवर खाजगी हक्क सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे म्हणणे सहज खोडून काढता येण्याजोगे नव्हते, आणि न्यायालयानेही ते खोडून काढले नाही.

अर्जदारांचे म्हणणे असे, की आम्ही पदपथावर हौसेने आलेलो नाही. आमचे काम येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. येथून दूर नेऊन टाकलेत तर काम जाईल आणि काम गेले तर जगणे जाईल. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास जीविताचा हक्क दिला आहे. जगण्याचे साधनच हिरावून घेतले, तर त्या हक्काला अर्थ काय उरला?

मुख्य न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले. या निकालाचे दोन अर्धे आहेत आणि दोन्ही सारख्याच लक्षपूर्वक वाचले पाहिजेत.

पहिल्या अर्ध्यात न्यायालयाने असे मान्य केले, की जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे. माणसाला जगण्याच्या साधनापासून तोडणे हा त्याला जीवितापासून तोडण्याचा सोपा मार्ग होय. ही माणसे गुन्हा करण्याच्या हेतूने नव्हे, तर परिस्थितीच्या रेट्याने पदपथावर आली आहेत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. सरकारने असाही एक कायदेशीर पेच टाकला होता, की अर्जदारांनी उच्च न्यायालयात आपल्याला पदपथावर राहण्याचा मूलभूत हक्क नाही हे कबूल केले असल्याने आता त्यांना उलट बोलता येणार नाही. त्यावर न्यायालय म्हणाले, की मूलभूत हक्क कोणाच्या कबुलीने संपत नाहीत. ३१४ व्या कलमासंबंधी सांगितले गेले, की सूचना न देण्याची मुभा हा अपवाद आहे; सूचना देणे आणि ऐकून घेणे हा नियम आहे. ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याने निर्णय बदलेलच असे नाही. परंतु ऐकून घेणे हे स्वतःच मोलाचे आहे, कारण त्यामुळे तो माणूस केवळ हलविण्याची वस्तू न राहता निर्णयातील एक पक्ष होतो.

दुसरा अर्धा असा, की पदपथावर घर बांधून राहण्याचा हक्क कोणालाही नाही. योग्य रीतीने सूचना देऊन पालिकेस तेथील वस्ती हलविता येईल. १९७६ च्या गणनेत ज्या पदपथवासीयांची नोंद झाली असेल त्यांना मालवणी येथे किंवा त्याहून दूर नसलेल्या दुसऱ्या सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी, पण जागा दिल्यावाचून हलवूच नये अशी अट घातली नाही. वीस वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्यांना मात्र सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याखेरीज हात लावू नये, आणि लावलाच तर पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणास हलवू नये, असा आदेश झाला.

कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल अर्जदारांचा विजय म्हणून गाजला. जगण्याच्या हक्काचा अर्थ त्याने विस्तारला, हे निःसंशय. पण तुळशीवाडीच्या पदपथावरील बदली कामगाराच्या हाती काय आले, असे विचारले तर उत्तर द्यावे लागते, की तत्त्व आणि साडेतीन महिन्यांची मुदत. तत्त्व मोठे होते, पण त्याखाली पावसात निजता येत नव्हते. न्यायालय दार उघडून देऊ शकते, दारापलीकडची खोली बांधून देणे हे त्याचे काम नव्हे. ते काम सरकारचे, पालिकेचे आणि समाजाचे होते.

या ठिकाणी इतिहासाने एक अनपेक्षित वळण घेतले. भायखळा भागात १९८४ साली स्थापन झालेली स्पार्क ही संस्था पदपथावरील स्त्रियांमध्ये काम करीत होती. ऑक्टोबर अखेरीची मुदत समोर दिसत असता तिने लोकांच्या साहाय्याने पदपथवासीयांची गणना केली. सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती घेतली गेली आणि १९८५ सालीच ती प्रसिद्ध झाली. तीत आढळले, की ही माणसे काल-परवा आलेली नव्हती. कित्येकांची हयात तेथे गेली होती. पुष्कळ जण देशातील अत्यंत दरिद्री जिल्ह्यांतून आले होते आणि बहुतेक कामावर पायी जात. सरकारने ज्यांना मोजले नव्हते त्यांनी स्वतःस मोजून घेतले. संख्या हातात आल्यावर बोलण्याला बळ आले. कोणी किती आहेत हे सांगता येऊ लागले, की त्यांच्याविषयी मोघम बोलणे अवघड होते.

१९८६ साली या स्त्रियांनी महिला मिलन ही आपली संघटना उभारली. रोजच्या मिळकतीतून थोडे थोडे पैसे साठविण्यास त्यांनी आरंभ केला. त्याहून विशेष म्हणजे त्यांनी आपल्या घराचा नमुना स्वतः ठरविला. साड्या आणि पुठ्ठे यांच्या साहाय्याने खोलीची लांबी-रुंदी उभी करून पाहिली. चौदा फूट उंचीची भिंत घेतली तर आत पोटमाळा निघतो, खाली चूल आणि वर निजणे होते, असा हिशेब मांडला. ज्यांना घर चालवावयाचे असते त्यांनाच घराचे माप कळते. वरळीच्या चाळी बांधताना भावी रहिवाशांपैकी कोणास असे विचारले गेले असते, तर कदाचित खोल्या रिकाम्या राहिल्या नसत्या.

१९९५ साली महाराष्ट्रात झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी योजना आली. २२५ चौरस फुटांचे घर पात्र कुटुंबास मोफत द्यावे, असे ठरले आणि १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख नेमली गेली. या पात्रतेत पदपथवासीयांचाही समावेश झाला. ज्याला दहा वर्षांपूर्वी केवळ हलविण्यायोग्य मानले होते, तो आता पुनर्वसनास पात्र मानला गेला. भायखळ्याच्या पदपथावरील काही कुटुंबे पुढे मानखुर्दला पक्क्या घरांत राहावयास गेली. त्या वसाहतीचे नाव मिलन नगर.

तरी सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दूर नेऊन टाकण्याची जुनी सवय सुटली नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतील कुटुंबांना माहुल येथे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी घरे देण्यात आली. तेथील हवा इतकी दूषित होती, की कोणासही तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयास सांगावे लागले. आधी वरळी, मग मालवणी, मग माहुल. ठिकाणांची नावे बदलली, विचार तोच राहिला, की जेथे जमीन सोयीची तेथे गरिबाची सोय.

मुंबईबाहेरही या वादाचे पडसाद उमटत राहिले. १९९६ साली अहमदाबादच्या रखियाल रस्त्यावरील पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याचा हक्क जीविताच्या हक्काशी जोडला. मात्र पदपथावर कायम राहण्याचा हक्क तेव्हाही मान्य झाला नाही. २०१० साली न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक, वर्षभर आणि अहोरात्र उघडा असणारा रात्रनिवारा असावा, असे सांगितले. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांतील होती. २०१३ साली केंद्र सरकारने नागरी बेघरांसाठी निवाऱ्यांची स्वतंत्र योजना काढली.

आणि २०२१ च्या जानेवारीअखेर, कडाक्याच्या थंडीत, इंदूर नगरपालिकेच्या गाडीतून काही वृद्ध बेघरांना शहराबाहेर देवासच्या वाटेवरील क्षिप्रा गावाजवळ उतरविण्यात आले. देशातील सर्वांत स्वच्छ नगर म्हणून इंदुरास तोपर्यंत लागोपाठ चार वर्षे मान मिळाला होता. गावकऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्या म्हाताऱ्यांना पुन्हा गाडीत चढवून परत नेण्यात आले. ते दृश्य देशभर दिसले आणि एका उपायुक्तास निलंबित करण्यात आले. १९८१ ची सेलमची बसगाडी आणि २०२१ ची क्षिप्रेची गाडी यांत चाळीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात कायदा पुष्कळ पुढे गेला, तरी गाडी मात्र त्याच दिशेने निघाली होती. फरक पडला तो एवढाच, की या वेळी तिला परत फिरविणारी साधी गावची माणसे रस्त्यात उभी राहिली.

या चाळीस वर्षांच्या वादातून निघणारे तात्पर्य अवघड नाही. चालणाऱ्याला पदपथ मिळाला पाहिजे आणि राहणाऱ्याला घर मिळाले पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या वैरिणी नाहीत. ज्या दिवशी पदपथावरील कुटुंबास कामाजवळ परवडेल अशी खोली मिळते, त्या दिवशी पदपथ आपोआप मोकळा होतो. त्यासाठी आधी त्या कुटुंबास मोजले पाहिजे, मग विचारले पाहिजे आणि मगच हलविले पाहिजे. मुंबईत पुष्कळदा हा क्रम उलटा झाला, आणि म्हणूनच हलविलेली माणसे परत आली. सेलमचा तो मजूर हट्टाने परतला नव्हता. जेथे त्याला दिवसाला २३ रुपये मिळत, तेथे तो परतला होता.